खाकीची चार दारं

२०२४ साली महाराष्ट्र पोलीस दलानं १७,४७१ जागांची भरती काढली. शिपाई, चालक, बॅण्डस्मन, राज्य राखीव दल आणि कारागृह शिपाई मिळून १७ लाख ७६ हजारांवर अर्ज आले. एका जागेमागे शंभराहून अधिक अर्ज. एकच मुलगा शिपाई, चालक आणि राखीव दल अशा वेगवेगळ्या पदांसाठी अर्ज करू शकतो, त्यामुळे प्रत्यक्ष उमेदवार या आकड्यापेक्षा कमी असतात. तरीही एवढी तरुण मुलं-मुली एका नोकरीसाठी पहाटे साडेचारला उठून डांबरी रस्त्यावर धावत असतील, तर त्या नोकरीची पूर्ण माहिती त्यांच्या हातात असलीच पाहिजे.

ती बहुतेकदा नसते. गावातल्या पारावर किंवा भरतीच्या अकादमीत पोलिसाच्या पगाराचा एखादा गोल आकडा सांगितला जातो. तो पहिल्या महिन्याचा की दहा वर्षांनंतरचा, मुंबईतला की गडचिरोलीतला, कपातीआधीचा की नंतरचा, हे कोणी विचारत नाही. त्याहून महत्त्वाची एक गोष्ट तर कानावरच येत नाही. या खात्यात शिरायला चार दारं आहेत आणि तुम्ही कोणत्या दारानं आत जाता, यावर पुढच्या तीस-पस्तीस वर्षांचा पगार, अधिकार आणि घरी परतण्याची वेळ बरीचशी ठरून जाते.

चार दारं कोणती?

पहिलं दार पोलीस शिपायाचं. शिक्षणाची अट बारावी उत्तीर्ण. वय १८ ते २८, मागास प्रवर्गासाठी ३३ पर्यंत. भरती जिल्हा पोलीस अधीक्षक, शहर पोलीस आयुक्त किंवा लोहमार्ग पोलीस अशा एकेका घटकाकडून होते. राज्य राखीव पोलीस बलाची भरतीही याच पातळीवर होते, पण तिची वयोमर्यादा १८ ते २५ (मागास प्रवर्ग ३०) आणि उंचीची अट जास्त आहे.

दुसरं दार पोलीस उपनिरीक्षकाचं, म्हणजे ज्याला सगळे पीएसआय म्हणतात त्याचं. हे दार महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या हातात आहे. त्यासाठी पदवी हवी. वय १९ ते ३१, मागास प्रवर्गाला ३४ पर्यंत. पूर्व परीक्षा १०० गुणांची, मुख्य ४०० गुणांची. मग १०० गुणांची शारीरिक चाचणी, तिच्यात किमान ६० गुण मिळाले तरच ४० गुणांच्या मुलाखतीला बोलावणं येतं.

तिसरं दार पोलीस उपअधीक्षकाचं. शहरात याच दर्जाच्या अधिकाऱ्याला सहायक पोलीस आयुक्त म्हणतात. हे पद राज्यसेवा परीक्षेतून भरलं जातं. उपजिल्हाधिकारी आणि तहसीलदार ज्या परीक्षेतून निवडले जातात, तीच ही परीक्षा. खुल्या गटाला ३८ वर्षांपर्यंत संधी आहे. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे.

चौथं दार भारतीय पोलीस सेवेचं, अर्थात आयपीएसचं. केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा, वय २१ ते ३२, खुल्या गटाला सहा प्रयत्न. प्रशिक्षण हैदराबादच्या सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमीत. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवावी. राज्यातल्या आयपीएस पदांपैकी एक तृतीयांश पदं राज्य पोलीस सेवेतल्या अधिकाऱ्यांच्या बढतीसाठी असतात. त्यामुळे तिसऱ्या दारानं आलेला अधिकारी पुढे आयपीएस होऊ शकतो. पहिल्या दारानं आलेल्याला तिथवर पोहोचणं जवळपास अशक्य असतं, कारण वयच पुरत नाही.

पगाराची चिठ्ठी वाचायला शिका

महाराष्ट्रात सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू धरला गेला. त्यानुसार प्रत्येक पदाला एक वेतनस्तर आहे. शिपायाचा स्तर एस-७, म्हणजे मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून ६९,१०० पर्यंत. उपनिरीक्षकाचा एस-१४, ३८,६०० पासून १,२२,८०० पर्यंत. उपअधीक्षकाचा एस-२०, ५६,१०० पासून १,७७,५०० पर्यंत. नव्या आयपीएस अधिकाऱ्याचं मूळ वेतनही ५६,१०० पासूनच सुरू होतं आणि शिखरावरच्या पोलीस महासंचालकाला २,२५,००० रुपये मूळ वेतन असतं.

जाहिरातीत २१,७०० ते ६९,१०० असं छापलेलं असतं, त्यातला दुसरा आकडा अनेकांना भुलवतो. तो त्या स्तराची कमाल मर्यादा आहे. नोकरी लागते ती पहिल्या आकड्यावर.

आता एका नव्या शिपायाची चिठ्ठी मांडून पाहू. मूळ वेतन २१,७००. त्यावर महागाई भत्ता, तो १ जानेवारी २०२५ पासूनच्या ५५ टक्के दरानं ११,९३५ रुपये होतो. दोन्ही मिळून ३३,६३५. तिसरी रक्कम घरभाड्याची. महागाई भत्ता ५० टक्क्यांच्या वर गेल्यावर घरभाडं शहराच्या वर्गानुसार मूळ वेतनाच्या ३०, २० किंवा १० टक्के असं धरलं जातं. मुंबई-पुण्यात ३० टक्के म्हणजे ६,५१० रुपये, तालुक्याच्या गावी १० टक्के म्हणजे २,१७०. एकूण मुंबईत ४०,१४५ आणि लहान गावी ३५,८०५. शिवाय वाहतूक भत्ता आणि गणवेशासारखे काही छोटे भत्ते वेगळे.

आता कपाती. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्यांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लागू झाली. तिच्यासाठी मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के, म्हणजे या उदाहरणात ३,३६३ रुपये दरमहा कापले जातात. सरकार आपल्या बाजूनं १४ टक्के भरतं. व्यवसाय कर महिन्याला २०० रुपये, गटविम्याचा हप्ता वेगळा. म्हणून नव्या शिपायाच्या हातात सुरुवातीला साधारण बत्तीस ते अडतीस हजारांच्या दरम्यान रक्कम येते, असं धरून चालावं. पतपेढीचं कर्ज घेतलं की त्यातूनही हप्ता जातो.

याच पद्धतीनं उपनिरीक्षकाचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ५९,८३० होतात, मुंबईत घरभाड्यासह ७१,४१० रुपये. दोन दारांमधलं अंतर पहिल्याच महिन्यात एवढं मोठं असतं.

वर्षं सरतात तसं हे अंतर आपोआप मिटत नाही. वार्षिक वाढ साधारण तीन टक्क्यांची असते. २१,७०० चे २२,४००, मग २३,१००, दहा वाढींनंतर २९,३००. नुसत्या वार्षिक वाढीवर शिपायाला उपनिरीक्षकाच्या पहिल्या दिवसाच्या मूळ वेतनापर्यंत पोहोचायला वीसएक वर्षं लागतात. बढती आणि आश्वासित प्रगती योजना हा काळ थोडा कमी करतात. ज्यांना बढती मिळत नाही त्यांना या योजनेत १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर वरचा वेतनस्तर मिळतो. तरी वीस वर्षांचा हा हिशेब पदवी घेऊ शकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या डोळ्यांसमोर असायला हवा.

चिठ्ठीत न दिसणारी बाजू

पगार महिन्याचा असतो, पण तो किती तासांच्या कामाचा, हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. ठाणे अंमलदाराची ड्यूटी, रात्रगस्त, समन्स-वॉरंट बजावणं, कोर्टात आरोपी नेणं, पंचनाम्याला हजर राहणं आणि या सगळ्यावर बंदोबस्त. गणेशोत्सव, नवरात्र, आषाढी वारी, निवडणुका आणि मोर्चे यांच्या काळात रजा बंद होतात. ज्या दिवशी इतरांच्या घरी सण असतो, त्याच दिवशी पोलीस घराबाहेर असतो. पोलीस संशोधन व विकास ब्यूरोनं २०१४ साली देशभरातल्या पोलीस ठाण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ठाण्यांतले सुमारे ९० टक्के कर्मचारी रोज आठ तासांपेक्षा जास्त काम करतात, असं दिसलं.

हे बदलू शकतं, याचा पुरावाही महाराष्ट्रातच आहे. २०१६ च्या मे महिन्यात मुंबईतल्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्या पाळ्यांचा आराखडा एका साध्या शिपायानं तयार केला होता आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो उचलून धरला. पुढे तो मुंबईतल्या इतर ठाण्यांतही नेला गेला. मनुष्यबळ अपुरं असलं की अशी व्यवस्था डळमळते, हे खरं. पण खालच्या पायरीवरच्या माणसाची सूचना वरपर्यंत पोहोचली की खातं सुधारतं, ही देवनारची शिकवण मोलाची आहे. २०२२ साली शिपाई ते निरीक्षकांच्या नैमित्तिक रजा १२ वरून २० दिवसांवर गेल्या, तेही याच दिशेचं पाऊल.

घराचा प्रश्न असाच. सरकारी क्वार्टर मिळालं की घरभाडं भत्ता बंद होतो, आणि मुंबईसारख्या शहरात हा सौदा तरीही फायद्याचा असतो, कारण साडेसहा हजारांत तिथं भाड्याची खोलीसुद्धा मिळत नाही. अडचण निवृत्तीच्या दिवशी येते. शिपायापासून उपअधीक्षकापर्यंत सगळे ५८ व्या वर्षी निवृत्त होतात आणि क्वार्टर सोडावं लागतं. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींत पोलिसांच्या पिढ्या वाढल्या. त्यांच्या पुनर्विकासात पोलीस कुटुंबांना घर किती रुपयांत द्यायचं, यावर बरीच ओढाताण झाली आणि २०२२ साली ती किंमत १५ लाखांवर आली. नोकरीच्या पहिल्या दशकातच स्वतःच्या घराचा विचार सुरू करावा, हे पोलिसाच्या घरातली कर्ती बाई जितकं जाणते तितकं इतर कोणी जाणत नाही.

मैदान

आता भरतीकडे वळू. शिपाईपदाच्या भरतीत आधी मैदानी चाचणी आणि मग लेखी, असा सध्याचा क्रम आहे. मैदानाच्या दिवशी आधी कागदपत्रं तपासतात, मग उंची आणि छाती मोजतात. पुरुषांची उंची किमान १६५ सेंटिमीटर, स्त्रियांची १५५. पुरुषांची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवल्यावर पाच सेंटिमीटर जास्त. राखीव दलासाठी उंची १६८. इथं अर्ध्या सेंटिमीटरनं बाहेर पडलेली मुलं दर भरतीत दिसतात. वर्षभर घाम गाळण्याआधी सरकारी दवाखान्यात किंवा नीट पट्टी असलेल्या व्यायामशाळेत अनवाणी उंची मोजून घ्यावी. एवढी साधी गोष्ट अनेक जण शेवटच्या दिवसापर्यंत टाळतात.

मग छातीवर क्रमांक लावून मैदानात. पुरुषांना १,६०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. स्त्रियांना १,६०० ऐवजी ८०० मीटर, बाकी गुण तेच. पूर्ण गुण हवे असतील तर पुरुषानं १,६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत, १०० मीटर साडेअकरा सेकंदांत पार करायला हवेत आणि ७.२६ किलोचा गोळा साडेआठ मीटर फेकायला हवा. स्त्रियांसाठी ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंद, १०० मीटर १४ सेकंद, आणि चार किलोचा गोळा सहा मीटर. वेळ थोडी वाढली की गुण पायरीपायरीनं उतरतात. पन्नासपैकी किमान पंचवीस पडले तरच लेखीच्या यादीत नाव येण्याची शक्यता असते, आणि तिथंही प्रत्येक प्रवर्गात एका जागेला दहा उमेदवार याच प्रमाणात बोलावणं येतं. म्हणून नुसतं पास होण्याला अर्थ नाही. चाळिशीच्या पुढे गुण हवेत.

गोळ्याकडे मुलं दुर्लक्ष करतात, आणि तिथंच गुण सगळ्यात सहज वाढतात. धावण्याची वेळ दहा सेकंदांनी कमी करायला महिने लागतात. गोळा मानेशी नीट धरणं, पायांतून जोर उचलणं, शेवटी मनगट झटकणं आणि वर्तुळाच्या बाहेर पाय न पडणं, हे जाणकार माणसाकडून शिकलं तर काही आठवड्यांत मीटरभर फरक पडतो.

एक इशारा मनापासून द्यायचा आहे. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत भरतीच्या वेळी पाच किलोमीटर धावताना काही तरुणांचा जीव गेला. त्यानंतर शिपाईपदासाठीचं अंतर कमी झालं, पण उन्हाळ्यात किंवा दमट हवेत उपाशीपोटी जिवाच्या आकांतानं धावणं आजही धोक्याचं आहे. आदल्या रात्री प्रवास करून फुटपाथवर झोपायचं आणि सकाळी उपाशी धावायचं, असं अनेक गरीब घरांतल्या मुलांना करावं लागतं. शक्य असेल त्यानं एक दिवस आधी पोहोचावं, पोटभर पाणी प्यावं, केळं किंवा भाकरी खाऊन दोन तास जाऊ द्यावेत. चक्कर आली तर थांबावं. भरती पुन्हा येते.

लेखी, कागद आणि दलाल

लेखी परीक्षा १०० गुणांची, ९० मिनिटांची. अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी आणि मराठी व्याकरण हे चार विषय. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, पण किमान ४० टक्के लागतातच. मैदानात पंचेचाळीस पाडून लेखीत घसरलेली मुलं कमी नाहीत, कारण वर्षभर पाय तयार झालेले असतात आणि शेकडेवारी, काळ-काम-वेग, संधी-समास मात्र शेवटच्या महिन्यावर ढकललेले असतात. अंतिम यादी दोन्ही गुणांच्या बेरजेवर लागते, आणि त्या बेरजेत लेखीचा वाटा मैदानाच्या दुप्पट आहे. सकाळचा दीड तास मैदानाला दिला, तर दिवसाचे चार तास अभ्यासिकेला द्यावेत.

आरक्षणाची कागदपत्रं वेळेत काढणं हे अभ्यासाइतकंच महत्त्वाचं. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास प्रमाणपत्र यांच्या तारखा जाहिरातीतल्या मुदतीत बसायला हव्यात. स्त्रियांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे. खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, होमगार्ड, अनाथ यांनाही वाटा आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयानं आग्रह धरल्यावर तृतीयपंथी उमेदवारांसाठीही भरतीचं दार उघडलं. एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो, म्हणून जिल्हा निवडताना जागांची संख्या आणि मागच्या भरतीचा कटऑफ पाहून निर्णय घ्यावा.

आणि कोणी पैसे घेऊन नोकरी लावून देतो म्हणालं, तर त्या वाटेला जाऊच नये. धावण्याची वेळ आता अनेक ठिकाणी पायाला लावलेल्या चिपनं मोजली जाते, लेखीची उत्तरपत्रिका यंत्र तपासतं, उत्तरतालिका जाहीर होते. दलाल काहीही करू शकत नाही. तो फक्त शंभर मुलांकडून पैसे घेतो, त्यातली दोन आपल्या बळावर लागतात आणि त्यांचं नाव तो आपल्या खाती मांडतो. शेत गहाण टाकून त्याला पैसे देणाऱ्या बापाची ही लूट आहे, आणि पैसे देणाराही गुन्ह्यात अडकतो.

आत गेल्यानंतर

निवड झाली की वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी होते. जुना गुन्हा लपवणं हे गुन्ह्यापेक्षाही महागात पडतं, म्हणून जे आहे ते फॉर्ममध्ये खरं लिहावं. शिपायांचं निवासी प्रशिक्षण खंडाळा, नानवीज, अकोला, जालना, तुरची अशा केंद्रांत होतं. उपनिरीक्षकांचं नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत. कवायत, शस्त्र, योगासनं यांच्या बरोबरीनं कायदा शिकवला जातो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे नवी तुकडी नव्या कलमांवरच घडते.

बढतीची वाट आता थोडी सरळ झाली आहे. २०२२ साली पोलीस नाईक हा संवर्ग रद्द झाला आणि शिपाई थेट हवालदार होऊ लागला. त्यामुळे तपास करू शकणाऱ्या अंमलदारांची संख्या वाढली. हवालदारानंतर सहायक उपनिरीक्षक. तीस वर्षांची सेवा आणि त्या पदावरची तीन वर्षं पूर्ण केलेल्यांना श्रेणी उपनिरीक्षक म्हणून निवृत्त होता येतं. सेवेत राहून उपनिरीक्षक होण्यासाठी विभागीय परीक्षेचीही वाट आहे. तिचे नियम गेल्या काही वर्षांत बदलत राहिले, तरी रात्रपाळी करून तिचा अभ्यास करणारे शिपाई प्रत्येक ठाण्यात आहेत, आणि त्यांना वेळ देणं ही त्यांच्या वरिष्ठांची जबाबदारी आहे.

वयाचा हिशेब

भरती दरवर्षी येईलच असं नसतं. ती लांबली की शासन कधी वयाची एकवेळची सवलत देतं, पण तिच्यावर भिस्त ठेवणं धोक्याचं. म्हणून बारावीनंतर पदवीला प्रवेश घेऊनच तयारी सुरू करावी, मुक्त विद्यापीठातून का होईना. शिपाई म्हणून लागलात तरी पदवी पुढे उपनिरीक्षकाच्या परीक्षेला कामी येते, आणि लागला नाहीत तर इतर परीक्षांचा रस्ता मोकळा राहतो. याच तयारीवर वनरक्षक होता येतं. उंचीच्या अटीत बसत असाल तर केंद्रीय सशस्त्र दलांच्या भरतीलाही बसता येतं, तिथं पुरुषांना पाच किलोमीटर २४ मिनिटांत धावावे लागतात आणि वयाची मर्यादा लवकर संपते.

किती भरत्या द्यायच्या, हे घरच्यांसोबत बसून आधीच ठरवावं. एकविसाव्या वर्षी ठरवलेली सीमा सत्ताविसाव्या वर्षी वाचवते. ज्याला शिपाई व्हायचं आहे त्यानं मान ताठ ठेवून व्हावं, कारण रात्री अडीच वाजता संकटात सापडलेल्या माणसापर्यंत सर्वांत आधी शिपाईच पोहोचतो. पण ज्याला पदवी आणि आयोगाची परीक्षा झेपते, त्यानं केवळ भरती लवकर निघाली म्हणून पहिल्या दारावर थांबू नये. आणि सरकारनं, ज्या शिपायाच्या खांद्यावर ठाण्याचा सगळा भार आहे, त्याचे तास, घर आणि निवृत्तिवेतन यांचा विचार पगाराइतक्याच गांभीर्यानं करावा. तसं झालं तर मैदानावर धावणाऱ्या पोरापोरींना या नोकरीकडून स्थैर्याच्या जोडीला माणसासारखं आयुष्यही मागता येईल.